दुखत नव्हतं म्हणून

आत्याच्या उजव्या गालाला आतून जे झालं होतं, ते दुखत नव्हतं. तिखट लागलं की आग व्हायची, एवढंच. म्हणून तिनं तिखट कमी केलं. आमच्या तासगावकडे बिनतिखटाचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण; पण घरातली बाई सगळ्यांची पानं झाल्यावर जेवायला बसते, तेव्हा ती स्वतःच्या ताटात काय वाढून घेते हे कोण बघतं? आधी ठेचा सुटला, मग भाकरी आमटीत कुस्करून खाणं सुरू झालं, मग नुसती दूध-भाकरी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "उष्णता झालीया गं. तोंड आलंय."

तोंड आल्यावर काय करायचं हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. तुरटीच्या गुळण्या, साजूक तूप, सब्जाचं पाणी, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली बी कॉम्प्लेक्सची पट्टी. गावातल्या डॉक्टरांनीही त्याच गोळ्या दिल्या आणि वर लावायला जेल दिलं. बॅटरी मारून तोंडात बघितलं नाही. जेलनं जागा बधिर व्हायची, दोन घास सुखानं जायचे. पुन्हा आग, पुन्हा पट्टी.

मला याचा फार त्रास होतो, कारण नेहमीचं तोंड येणं आणि तोंडाच्या कर्करोगाची शंका यावी अशी जखम यांतला फरक ओळखण्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. नेहमीचा फोड लहान, गोल, मधे पिवळट आणि कडेनं लाल असतो. तो भयंकर झोंबतो, आणि आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत आपोआप भरून येतो. जे दोन-तीन आठवडे उलटले तरी तिथंच आहे, ज्याच्या कडा उचललेल्या आहेत, जे बोटाला कडक लागतं, ब्रश लागला तरी ज्यातून रक्त येतं, ते तोंड येणं नव्हे. ते न दुखो, तरीही. किंबहुना न दुखणारी जखम जास्त काळजीनं बघायची असते. सुरुवातीला रोग वरच्या अस्तरात असतो. ठणका लागतो तो पुढे, खोल पोचल्यावर.

आत्या मिश्री लावायची. कोकणात आणि मुंबईत तिला मशेरी म्हणतात. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा सासूनं लावून दिलेली सवय. चुलीवर जुना तवा तापवायचा, त्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा. घरभर ठसका सुटायचा, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग तो हातानं चुरायचा, फडक्यानं चाळायचा आणि पूड पत्र्याच्या डबीत भरायची. ती डबी कमरेला, पदराच्या टोकाशी. सकाळी दात घासायला म्हणून पहिलं बोट फिरायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. भांगलण करताना बांधावर बसून, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री आडवं व्हायच्या आधी. बोट हिरडीवर फिरलं की उरलेली पूड गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत बसून राहायची, उजवीकडे, कारण हाताला तीच बाजू सोयीची. आपल्या देशात तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर नेमका या खाचेत आणि गालाच्या अस्तराला होतो. तंबाखू जिथं धरून ठेवतात, तिथं.

तिची कारणं मला खोटी वाटत नाहीत. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, दाढ ठणकायची थांबते, भूक मरते आणि उन्हात काम निभतं. निकोटिन हे सगळं करतं. ज्या बाईला दिवसभरात स्वतःसाठी म्हणून काही नाही, तिची ती डबी हाच विसावा होता. त्यामुळे "सोड की गं ती घाण" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सोडायला मदत लागते, टोमणे लागत नाहीत.

आणखी एक. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "तंबाखू खाता का?" ती म्हणाली, "न्हाय." हे तिच्या मनापासून खरं होतं. तंबाखू खातात ते गडीमाणसं, चुना मळून, चिमूट ओठात धरून. ती तर दात घासत होती. आमच्या भागात बाईला विचारायचं असेल तर "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा लावता, कुठल्या बाजूला?" असंच विचारायला पाहिजे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा बिनधुराचा तंबाखू वापरत होता, आणि त्यात बायका थोड्याथोडक्या नाहीत. विदर्भात खर्रा, इकडे मावा, मिश्री, पुडी. नावं बदलतात, खाच तीच.

रोग सापडला तो कवळीमुळे. आत्याच्या वरच्या दाढा पडल्या होत्या, तिला कवळी बसवायची होती, म्हणून मी तिला सांगलीला दाताच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर वयानं माझ्याहूनही लहान. त्यांनी माप घेण्याआधी आरशानं गाल बाजूला ओढला आणि त्या तिथंच थांबल्या. गॉजचा तुकडा घेऊन त्यांनी तो पांढरा चट्टा पुसून बघितला. बुरशीचा पांढरा थर पुसला की निघतो. हा निघाला नाही. चट्ट्याच्या मधोमध मखमलीसारखा लाल भाग होता. नंतर त्यांनी मला सांगितलं की पांढऱ्यापेक्षा लाल चट्ट्याची भीती जास्त. मग एक बोट तोंडात आणि एक बाहेरून गालावर ठेवून त्यांनी दाबून बघितलं, कडकपणा कुठवर आहे ते. शेवटी मान, जबड्याखाली, दोन्ही बाजूंनी.

"मावशी, हे कधीपासून आहे?"

"झालं की. पाऊस पडायच्या आधीपास्नं."

दसरा होऊन गेला होता.

"दुखत नाही?"

"दुखत असतं तर आलेच नसते का मी?"

त्या दिवशी डॉक्टरांनी कवळीचं माप घेतलं नाही. दात तपासायला आलेल्या माणसाचा गाल, जीभ, जिभेखालची जागा बघायला मिनिटभर लागतं. त्यांनी ते मिनिट दिलं म्हणून आज मी हे लिहू शकते. दाताकडे जाणाऱ्या प्रत्येकानं डॉक्टरांना स्वतःहून म्हणावं, "जरा गालही बघा." आणि एखादी दाढ हलते म्हणून काढायला सांगितली, पण कीड नाही, हिरडीचा जुना आजार नाही, तर ती का हलते हे आधी विचारावं. कधीकधी दाढ हलत असते ती खाली वाढणाऱ्या गाठीमुळे, आणि काढल्यावर ती जखम भरतच नाही.

बाहेर बाकावर बसून त्यांनी मला बरंच काही समजावलं. आत्या आत पाण्याची चूळ भरत होती. जिभेच्या कडेला टोकदार दात सतत घासून जखम होते, ते टोक घासून गुळगुळीत करायचं आणि दोन आठवडे वाट बघायची. तरी जखम राहिली तर तिचा छोटा तुकडा काढून तपासायचाच, म्हणजे बायोप्सी करायचीच, "दातामुळेच झालंय" म्हणून सोडून द्यायचं नाही. नेहमीची कवळी अचानक बसेनाशी होते. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटते. कान दुखतो आणि कानात काहीच सापडत नाही, कारण तोंडातल्या दुखण्याची कळ त्याच वाटेनं कानात निघते. गिळताना अडकतं, आवाज बदलतो, जीभ पूर्वीसारखी वळत नाही. मानेत गाठ येते, ती गाठही बहुधा दुखत नाही. यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे कर्करोगच, असं नाही. बहुतेकांचं काहीतरी साधंच निघतं. पण ते साधं आहे हे बघणाऱ्यानं ठरवायचं, घरी बसून ठरवायचं नाही. आणि व्यसन नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. ज्यांनी सुपारीला हात लावलेला नाही अशांनाही, विशेषतः जिभेचा, हा रोग होतो.

तुकडा काढायचा म्हटल्यावर घरात जे झालं ते बहुतेक घरांत होतं. थोरले काका म्हणाले, सुरी लागली की रोग खवळतो. शेजारच्या वाडीतल्या कुणाचं तरी उदाहरण निघालं: "तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेला." त्या माणसाचा रोग तुकडा काढायच्या आधीच मानेत उतरलेला होता, हे उदाहरणात येत नाही. बायोप्सीनं तोंडाचा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो वाट बघण्यानं. कुणीतरी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता आणला. आत्या मधेच बसून सगळ्यांचं ऐकत होती, तिला कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "बघू द्या की काय हाय ते. नाव तरी कळंल."

बायोप्सी म्हणजे मोठं ऑपरेशन असणार असं तिला वाटलं होतं. खुर्चीतच भुलीचं इंजेक्शन दिलं. चट्ट्याच्या कडेवरून, थोडा रोगट आणि थोडा चांगला भाग येईल असा, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा तुकडा घेतला, दोन टाके घातले. तुकडा फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत गेला, बाटलीवर नाव, वय, जागा लिहिली गेली. चट्ट्याच्या मधोमध घेतला तर कधीकधी नुसत्या मेलेल्या पेशीच हाती लागतात, म्हणून कड महत्त्वाची. रिपोर्टला आठवडा लागतो. आणि एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगितली गेली ती इथं लिहून ठेवते: चट्टा डोळ्यांना संशयास्पद असेल आणि रिपोर्टमध्ये काही निघालं नाही, तरी विषय संपत नाही, पुन्हा तुकडा घ्यावा लागू शकतो.

रिपोर्ट इंग्रजीत होता. वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मी ते दवाखान्याच्या जिन्यात वाचलं. 'वेल' हा शब्द बघून काकांना वाटलं सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी नीट सांगितलं: कर्करोग आहे, पण पेशी अजून बऱ्यापैकी मूळ रूपाशी मिळत्याजुळत्या आहेत आणि आकार दोन सेंटिमीटरच्या आत आहे. म्हणजे पहिला टप्पा. आत्याला आम्ही सांगायचं की नाही यावर पुन्हा वाद. मला हा वाद अजिबात मान्य नाही. रोग तिच्या गालात होता. मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आबांना झाला तसलाच?"

तासगाव तालुक्यात आबा म्हणजे आर. आर. पाटील. अंजनीचे, राज्याचे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री राहिलेले. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगानं गेले, साठीही गाठली नव्हती. आमच्याकडे त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. आत्याच्या डोक्यात या रोगाला तो एकच चेहरा होता, आणि त्या चेहऱ्याची गोष्ट मरणाशी संपत होती. मी तिला शरद पवारांचं सांगितलं. त्यांना २००४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाचा कर्करोग निघाला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर किती वर्षं ते सभा घेत फिरले हे साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं आहे. त्यांच्या बोलण्यातला बदल तिनं टीव्हीवर कितीदा ऐकला होता. तो बदल कशानं झाला, हे तिला त्या रात्री कळलं. "मग बोलता येतंय की नंतर," ती म्हणाली. तिला सगळ्यात मोठी भीती तीच होती.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून हेच काम करतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरलो, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. तिथं ओसरीवर तोंडाला फडकं लावलेली किती तरी माणसं होती, मराठवाड्यातली, बिहारमधली, बंगालमधली. बहुतेक उशिरा आलेली. कुणाच्या गालाला आरपार भोक, कुणाचं तोंड चमचा जाईल एवढंही उघडत नव्हतं. आत्या त्यांच्याकडे बघायची आणि हात माझ्या हातात द्यायची.

तिथं एक प्रश्न आला जो प्रत्येक घर विचारतं: मानेत गाठ नाही, स्कॅन स्वच्छ आहे, तरी मान का उघडायची? याचं उत्तर याच हॉस्पिटलनं शोधलं आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिका गाठी, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतातच त्या छोट्या ग्रंथी, काढल्या. दुसऱ्या गटात मानेत काही दिसेपर्यंत थांबले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. डोळ्यांना न दिसणारा रोग मानेत आधीच पोचलेला असू शकतो. हे समजल्यावर आत्यानं लगेच अंगठा नव्हे, सही केली. तिला सही येते आणि तिला ती करायची होती.

गालाचं आतलं अस्तर आणि मानेतल्या लसिका गाठी निघाल्या. कडा स्वच्छ निघाल्या, गाठींमध्ये काही सापडलं नाही, रेडिएशन लागलं नाही. दोन महिने आधी सापडला असता तर काय, दोन महिने नंतर सापडला असता तर काय, हे मी विचारत बसत नाही. तोंड आखडू नये म्हणून तिला अजून व्यायाम करावा लागतो: लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि एकेक काडी वाढवत जायचं. ती ते टीव्ही बघत करते. मिश्री बंद आहे. पहिले दिवस तिला झोप लागत नव्हती, हात कमरेकडे जायचा. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. चित्राच्या खालचं ते कुणी वाचत नाही म्हणून इथं लिहिला.

मला जे खटकत राहतं ते वेगळं आहे. पोटातला, फुप्फुसातला रोग बघायला यंत्रं लागतात. तोंड तर उघडता येतं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून जवळपास दोन लाख लोकांचा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ठराविक वर्षांनी घरी येऊन बॅटरीच्या उजेडात तोंड तपासायच्या. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडेही तिशीवरच्या सगळ्यांचं तोंड तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशाताईंकडच्या फॉर्ममध्ये तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, असे प्रश्नही आहेत. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के जणांनीच कधी तोंडाची तपासणी करून घेतली होती. शंभरातला एक. ज्या देशात वर्षाला या रोगाचे सव्वा लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडतात, तिथं.

माझ्या मामेभावाचा मुलगा कॉलेजात आहे. तंबाखूला शिवत नाही, "नुसती सुपारी" खातो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीच्या पुड्या दारात लटकलेल्या असतात आणि घरच्यांनाही त्यात गैर वाटत नाही. मागच्या लग्नात त्याला पाणीपुरी अख्खी तोंडात घालता येईना, तो फोडून खात होता. मी त्याला बाजूला नेलं आणि स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, दातांमध्ये घालायला लावली. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात. त्याची दोन जेमतेम गेली. गालाचं अस्तर पांढुरकं, ताठ झालेलं. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं, आणि त्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं प्रसिद्ध केलं. असं तोंड पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतं. आखडलेलं पूर्ववत होत नाही, पण सुपारी थांबवली आणि उपचार घेतले तर आखडणं बऱ्याचदा थांबवता येतं. त्यानं थांबवली आहे. त्याची आई आता दर महिन्याला बोटं मोजते.

आत्यानं गावातल्या बचत गटाच्या बैठकीत स्वतःचा गाल ओढून दाखवला. मी सुचवलं नव्हतं. आशाताई बॅटरी घेऊन आल्या आणि मागच्या खोलीत एकेकीला बघितलं, कारण चारचौघींत तोंड उघडायला बायका लाजतात. दोघींना सांगलीला पाठवलं. एकीच्या तुकड्यात कर्करोग नाही, पण पेशी बदलायला लागल्यात असं निघालं. मिश्री बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. दुसरी अजून गेलेली नाही. तिचा नवरा म्हणतो, ऊस जाऊ दे, मग बघू. ती म्हणते, दुखत तर नाही. आत्या आणि मी रविवारी पुन्हा तिच्याकडे जाणार आहोत, आणि गाडी मी दारातच उभी करणार आहे.